विहिरीचं शेवाळ आणि भिंतीवरची मखमल

पावसाळा लागला की सारं हिरवं होतं. विहिरीच्या पायऱ्या हिरव्या, बांध हिरवा, आंब्याचं खोडसुद्धा हिरवं. आपण या सगळ्याला शेवाळच म्हणतो. पण ते एक नाही. एकानं पाय घसरतो, दुसरं माती धरून ठेवतं. म्हणून ओळख हवी.

पायरीवरचा हिरवा थर बोटानं चोळून पाहा. बुळबुळीत लागतो. त्याला पान नाही, देठ नाही. हे शेवाळ. ते काथ्यानं घासून काढावं. माणूस पडला तर कंबर मोडते.

आता जुन्या जांभ्याच्या भिंतीकडे चला. तिथं मखमलीसारखी गादी दिसेल. त्यातली चिमूटभर उचला आणि नीट बघा. इवली इवली रोपं आहेत. प्रत्येकाला देठ आहे, पानं आहेत. याला मॉस म्हणतात. याला खरं मूळ नसतं. बारीक तंतूंनी ते दगडाला धरून बसतं आणि पाणी पानांनीच पितं. उन्हाळ्यात ते वाळून जातं. मेलं असंच वाटतं. पण वाळलेली चिमूट वाटीभर पाण्यात टाका. थोड्या वेळात पानं उघडतात! मुलांना जरूर दाखवा.

मॉसला फूल येत नाही. केसासारखा दांडा वर येतो, त्याच्या टोकाला लहान बोंड असतं. बोंडाचं झाकण गळलं की आतली भुकटी वाऱ्यावर जाते. तिच्यातून नवं मॉस उगवतं.

जगात मॉसच्या सुमारे १२ हजार जाती आहेत. नुसत्या हिरव्या रंगावरून जात कळत नाही. बोंड उभं आहे की वाकलेलं? पानाला मधली शीर आहे का? ते दगडावर आहे, मातीवर की खोडावर? हे पाहावं लागतं. फ्युनारिया नावाच्या मॉसचं बोंड वाकलेलं असतं. जाळ झालेल्या जमिनीवर ते पुष्कळदा उगवतं. राब भाजलेल्या जागी शोधून पाहा.

खोडावर करडी, सालपटासारखी वाढ असते, ती मात्र मॉस नव्हे. ते दगडफूल. आपण मसाल्यात घालतो त्याच जातकुळीचं. बुरशी आणि शैवाल यांचा तो एकत्र संसार आहे.

मॉस गोळा करायचं तर चिमूटभरच घ्या. बांधावरची सगळी गादी खरवडू नका, खालची माती पावसात वाहून जाईल. चिमूट कागदाच्या पाकिटात ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत ती कुबट होते. पाकिटावर तारीख, गाव आणि ते कशावर उगवलं होतं हे लिहा. तुम्हाला आता लिहिता येतं. जवळच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्राचे गुरुजी असतील, त्यांना ते पाकीट दाखवा. वाळलं असलं तरी चालतं. ते भिजवून पाहतात.