दोन घरांच्या मधले दिवस

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे आपले वाडवडील सांगून गेले. त्यांच्या काळी घर एकदा बांधले की दोन-तीन पिढ्या त्यात नांदत. ते विकायची पाळी सहसा येत नसे, आणि आलीच तर लोक हळहळत. आता तसे राहिलेले नाही. आमच्या गडहिंग्लजसारख्या तालुक्याच्या गावातही जुन्या गल्लीतले मातीच्या भिंतींचे घर विकून गावाबाहेरच्या कॉलनीत जाणारी कुटुंबे दिसतात. कुणाला मोटारसायकल लावायला जागा नसते, कुणाला म्हाताऱ्या माणसांसाठी बिनपायऱ्यांचे घर हवे असते, कुठे भावंडांच्या वाटण्या व्हायच्या असतात. मात्र दोन घरांचे पैसे फार थोड्यांकडे असतात. पहिले विकावे तेव्हा दुसरे घेता येते. या दोन व्यवहारांच्या मधल्या दिवसांत माणसाची झोप का उडते, आणि ती थोडीफार परत कशी मिळवता येते, याविषयी मला बोलायचे आहे.

मी कविता लिहिणारा माणूस. जमीनजुमल्याच्या गोष्टी विचारायला माझ्याकडे कोणी येत नाही. पण वडिलांच्या मागे आमचे घर विकून दुसरे घ्यायचे ठरले आणि सात महिने आम्ही या फेऱ्यात होतो. त्या काळात वकिलांकडून, कचेरीतल्या जाणत्या माणसांकडून जे समजून घेतले ते ऐकणाऱ्यांच्या उपयोगी पडावे.

सुरुवात एका शब्दापासून करतो. घराचा सौदा ठरला की घेणारा काही रक्कम आगाऊ देतो. तिला कुठे इसार म्हणतात, कुठे विसार. आमच्या भागात आणखी एक शब्द आहे, संचकार. त्याच्या कागदाला संचकारपत्र म्हणतात. पुण्या-मुंबईकडे त्याच कागदाला साठेखत म्हणतील. गंमत अशी की, मराठीत हाच शब्द संकटासाठीही वापरतात. कुणाच्या पोटापाण्यावर संचकार आला म्हणजे ते धोक्यात आले. मला वाटते, दोन्ही अर्थ एकाच ठिकाणी भेटतात. आपल्या वस्तूवर दुसऱ्याचा हक्क येऊन बसला की ती पूर्वीसारखी आपली राहत नाही, आणि अजून त्याचीही झालेली नसते. घर विकणारा माणूस संचकारपत्रापासून खरेदीपत्रापर्यंत याच अवस्थेत राहतो. त्याच वेळी तो दुसरीकडे घर घेत असेल, तर तिथे त्याने स्वतः कुणाच्या घरावर संचकार दिलेला असतो. म्हणजे एकाच वेळी दोन घरे, आणि पुरते आपले एकही नाही.

या ताणाचे मोजमापही झालेले आहे. थॉमस होम्स आणि रिचर्ड राहे या दोन अमेरिकन डॉक्टरांनी १९६७ साली आयुष्यातल्या ४३ घटनांची एक यादी प्रसिद्ध केली. माणसाला जुळवून घ्यायला जितके जड, तितके त्या घटनेला गुण जास्त. जोडीदाराच्या मृत्यूला १००, लग्नाला ५०. राहते घर बदलण्याला फक्त २०. वाचून वाटते, एवढेच? पण घर बदलणे एकटे येत नाही. मोठ्या गहाण कर्जाला ३१ गुण, राहणीमानातल्या बदलाला २५, लोकांतल्या ऊठबशीतल्या बदलाला १८, झोपेतल्या बदलाला १६, खाण्यातल्या बदलाला १५. ही सगळी पाहुणेमंडळी घराबरोबरच येतात. बेरीज केली तर १२५ होते, म्हणजे अडीच लग्ने. आणि यात वडिलांचे घर मोडल्याचे दुःख कुठेच धरलेले नाही.

दुसरी गोष्ट स्वभावाची. डॅनियल काहनेमन, जॅक नेच आणि रिचर्ड थेलर या अभ्यासकांनी १९९० साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांना कॉफीचे मग देऊन टाकले आणि विचारले, केवढ्याला विकाल? बाकीच्यांना विचारले, केवढ्याला घ्याल? ज्यांच्या हातात मग होता ते साधारण सात डॉलर मागत होते. ज्यांच्या हातात नव्हता ते तीनच्या आसपास थांबत होते. मग एकच. आपले झाले की वस्तूची किंमत आपल्या डोळ्यांना दुप्पट दिसते. कॉफीच्या मगाची ही कथा, तर ज्या सोप्यात वडील बसत त्याची किंमत काय सांगावी? विकताना आपण म्हणतो, सागवानी चौकट आहे, परड्यात आड आहे, बाजार दोन मिनिटांवर. घेणारा म्हणतो, पाव्हणं, भिंती पाडूनच बांधायचं आहे, जागेचं तेवढं बोला. आणि त्याच संध्याकाळी आपण दुसऱ्याच्या घरात उभे राहून फरशीचा तडा दाखवत असतो. सकाळी विकणारा आणि संध्याकाळी घेणारा हा एकच माणूस असतो. दोन्ही वेळा आपणच लुबाडले जातोय असे त्याला वाटते. याचा उपाय म्हणजे भाव आपल्या मनाला न विचारता त्या गल्लीत गेल्या दोन वर्षांत झालेल्या खरेद्यांना विचारावा.

तिसरी आणि खरी अडचण तारखांची. आमचे घर घेणारे गृहस्थ शेतकरी. त्यांचे पैसे उसाच्या बिलावर. ऊस कारखान्याला गेल्यापासून चौदा दिवसांत बिल द्यावे असे १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो, पण बिल कधी हातात पडेल हे कुठला शेतकरी छातीवर हात ठेवून सांगेल? बिल आले तर त्यांना पितृपंधरवड्यात दस्त करायचा नव्हता. इकडे आम्हाला घर देणाऱ्यांना त्या पैशातून मुलासाठी पुण्यात फ्लॅट घ्यायचा होता, आणि तिथल्या बिल्डरने त्यांना तारीख दिलेली. आमच्या आईला रमजानच्या आत नव्या घरी जायचे होते. पाहा, उसाच्या फडापासून पुण्याच्या फ्लॅटपर्यंत चार घरे एका दोरीला बांधलेली. एकाने हिसका दिला की चौघे हलणार.

हे काही आमच्याच नशिबी आहे असे नाही. इंग्लंडमध्ये अशा एकमेकांवर अवलंबून असलेल्या व्यवहारांना साखळी असेच म्हणतात. तिथे रीतसर करारांची अदलाबदल होईपर्यंत कोणीही माघार घेऊ शकतो. त्यामुळे एक कडी तुटली की सगळी साखळी गळून पडते. आपल्याकडे पेच उलटा आहे. आपण शब्द फार लवकर देतो, संचकार लवकर घेतो, आणि मग अडकतो. स्थावराच्या विक्रीचा नुसता करार केल्याने घेणारा मालक होत नाही, हे १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात स्पष्ट आहे. मालकी खरेदीपत्र नोंदवल्यावरच जाते. पण म्हणून करार मोडता येतो असे समजू नये. विशिष्ट दिलासा कायद्यात दुरुस्ती होऊन ती १ ऑक्टोबर २०१८ पासून लागू झाली. पूर्वी ‘ठरल्याप्रमाणे घर लिहून दे’ असा हुकूम द्यायचा की नाही, हे बरेचसे न्यायालयाच्या विवेकावर असे. आता कायद्यात सांगितलेले अपवाद सोडता तो हुकूम द्यायचा, हा नियम झाला आहे. तेव्हा संचकारपत्रावरची सही ही सहीच असते.

आणि ती कुणाकुणाची लागते, हे आधी पाहावे. आमच्याकडे वडील गेल्यावर मागे आई, आम्ही दोघे भाऊ आणि दोघी बहिणी. आमच्या वारसा कायद्याप्रमाणे आईचा आठवा हिस्सा. उरलेल्यात मुलाला मुलीच्या दुप्पट. घराचे ४८ भाग केले तर आईचे ६, आम्हा भावांचे प्रत्येकी १४ आणि बहिणींचे प्रत्येकी ७. वडिलांच्या मृत्यूबरोबरच ज्याचा हिस्सा त्याचा होतो. त्यामुळे थोरल्या भावाने एकट्याने सही केली तर ती फक्त त्याच्या १४ भागांपुरती. हिंदू कुटुंबांतही २००५ च्या दुरुस्तीने मुलीला मुलाइतकाच जन्मजात हक्क मिळाला, आणि सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये त्याबद्दलची उरलीसुरली शंका मिटवली. म्हणजे घर कुठल्याही धर्माचे असो, मिरजेची आपा आणि निपाणीची धाकटी यांना विचारल्याशिवाय सौदा बोलू नये. बहिणींना सहीच्या दिवशी बोलावणे वेगळे आणि भाव ठरण्याच्या दिवशी बोलावणे वेगळे.

आमच्या भागात घराच्या व्यवहाराची धास्ती जरा जास्तच आहे, आणि तिला कारण आहे. गडहिंग्लज, आजरा, चंदगड या तालुक्यांतले असंख्य लोक मुंबईच्या कापड गिरण्यांत होते. तिकडे चाळीतली खोली, इकडे गावचे घर. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि पुढे कित्येकांनी खोली सोडून गाव गाठले. त्या खोल्या पागडीच्या. पागडी घेणे १९४७ च्या भाडे कायद्याप्रमाणे गुन्हा होता. तिला कायद्याची मान्यता मिळाली ती ३१ मार्च २००० पासून लागू झालेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने. म्हणजे ज्या वर्षांत आमची माणसे खोल्या सोडत होती त्या वर्षांत हातात येणाऱ्या रकमेला कागदच नव्हता. ठरले किती, मिळाले किती, हे देणारा जाणे आणि घेणारा जाणे. त्या पिढीच्या तोंडून ऐकलेल्या गोष्टी अजून घराघरांत आहेत.

आज कागद आहे. त्याचा आधार घ्यावा. विकायच्या घराची मिळकत पत्रिका काढून तिच्यावर सर्व वारसांची नावे लागली आहेत का ते गिऱ्हाईक येण्याआधी पाहावे, कारण वारसनोंदीला वेळ लागतो. घ्यायच्या घराचा तीस वर्षांचा शोध वकिलांकडून घ्यावा. जुन्या घरावर कर्ज असेल तर मूळ कागद बँकेत असतात. पूर्ण फेड झाल्यावर तीस दिवसांत ते परत द्यावेत, आणि बँकेमुळे उशीर झाल्यास दिवसाला पाच हजार रुपये भरपाई द्यावी, असा रिझर्व्ह बँकेचा नियम १ डिसेंबर २०२३ पासून आहे. संचकाराची रक्कम वीस हजार किंवा त्याहून अधिक असेल तर ती रोखीने घेण्याला आयकर कायद्याची २०१५ पासून मनाई आहे. चेकने घ्यावी, म्हणजे तारखेचा पुरावाही आपोआप राहतो.

सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे दुसऱ्याच्या वायद्यावर आपला वायदा देऊ नये. आधी विकण्याचा कागद करावा, मग घेण्याचा, आणि दोन्ही खरेदीपत्रांच्या तारखांत महिना-दीड महिन्याचे अंतर ठेवावे. ‘जुन्या घराची पूर्ण रक्कम मिळाल्यावर’ ही अट घेण्याच्या करारात लिहून मागावी. समोरच्याने नाही म्हटले तर निदान त्याचा नकार आधी कळतो. पूर्ण पैसे आल्याशिवाय ताबा देऊ नये. पैसे आले आणि नवे घर तयार नसेल तर घेणाऱ्याला विचारून त्याच घरात काही महिने लिव्ह अँड लायसन्सवर राहता येते. तो करार लेखी आणि नोंदणीकृत हवा. काही बँका अशा मधल्या काळासाठी ब्रिज लोन देतात, पण त्याचे व्याज रोज चालू असते हे विसरू नये. आणि कायद्याला आपल्याइतकी घाई नाही. बरीच वर्षे आपले असलेले घर विकून झालेल्या नफ्यावर कराची सवलत हवी असेल तर विक्रीच्या आधी एक वर्ष किंवा नंतर दोन वर्षांत दुसरे घर घेता येते, बांधायचे असेल तर तीन वर्षे मिळतात. विवरणपत्र भरायच्या मुदतीपर्यंत न वापरलेली रक्कम बँकेच्या भांडवली नफा खात्यात ठेवायची असते. पुष्कळ लोक ‘कर लागेल’ या भीतीने पंधरा दिवसांत मिळेल ते घर घेतात. त्यांनी हे आकडे लक्षात ठेवावेत.

आमच्याकडे उसाचे बिल लांबले आणि व्यवहार दीड महिना पुढे गेला. तारखांत अंतर ठेवलेले होते म्हणून निभावले. त्या दिवसांत आम्ही भाऊ दस्त, मुद्रांक, हप्ते यांचा हिशेब करत बसायचो. एका रात्री आई म्हणाली, ‘‘ते सगळं ठीक आहे रे, पण मधल्या दिवसांत मी नमाज कुठं पढायची?’’ तेव्हा लक्षात आले की, ज्याच्या नावाने कागद चालतात त्याच्यापेक्षा जो दिवसभर घरात असतो त्याच्यावर हा भार जास्त पडतो. मग तिच्यासाठी निपाणीला बहिणीकडची एक खोली ठरली. तिचे औषध, तिची उशी, जानमाज एका पिशवीत आधीच भरून ठेवले. पिशवी भरली आणि आई निवांत झोपू लागली.

आमच्या जुन्या खरेदीपत्रात घराची चतुःसीमा लिहिलेली आहे. पूर्वेस कोण, पश्चिमेस कोण. त्यातले बहुतेक शेजारी आता हयात नाहीत, पण सणाला त्यांच्या घरून शिधा आणि आमच्या घरून शिरखुर्मा जात असे ते मला आठवते. नव्या खरेदीपत्रातही चार दिशांना चार अनोळखी नावे आली. घर लागण्याआधी मी त्या चौघांच्या दारी जाऊन आलो. तुम्हीही जा. दस्त नोंदवायला कायदा सहीपासून चार महिने देतो, ओळख व्हायला एक चहा पुरतो.