एका विधेयकाची सत्तावीस वर्षं

लोकसभेत आणि विधानसभांत महिलांना एक तृतीयांश जागा राखून ठेवणारं घटनादुरुस्ती विधेयक पहिल्यांदा संसदेत आलं ते १२ सप्टेंबर १९९६ रोजी, देवेगौडा सरकारच्या काळात. त्याचा कायदा झाला २८ सप्टेंबर २०२३ रोजी. मधल्या काळात ते चार वेळा मांडलं गेलं आणि चारही वेळा बारगळलं. संसदेत कायदा कसा होतो आणि कुठे अडतो, हे समजून घ्यायला या विधेयकाइतकं बोलकं उदाहरण दुसरं नाही.

मंत्री सभागृहाची परवानगी घेऊन विधेयक मांडतात, ते पहिलं वाचन. दुसऱ्या वाचनात आधी विधेयकाच्या तत्त्वावर चर्चा होते, मग एकेक कलम मतास टाकलं जातं आणि दुरुस्त्या सुचवल्या जातात. तिसऱ्या वाचनात फक्त मंजूर की नामंजूर, एवढाच प्रश्न उरतो. हे सगळं दुसऱ्या सभागृहात पुन्हा होतं. त्यानंतर राष्ट्रपतींची संमती आणि राजपत्रात प्रसिद्धी.

खरं बारकाईचं काम होतं ते समितीत. १९९६ चं विधेयक संयुक्त समितीकडे गेलं. पश्चिम बंगालच्या ज्येष्ठ कम्युनिस्ट खासदार गीता मुखर्जी तिच्या अध्यक्ष होत्या. मूळ मसुद्यात जागा ‘एक तृतीयांशाहून कमी नाहीत’ असे शब्द होते. समितीला ते संदिग्ध वाटले. त्याऐवजी ‘शक्य तितक्या जवळपास एक तृतीयांश’ म्हणावं, असं तिने सुचवलं. आरक्षणाला पंधरा वर्षांची मुदत असावी, अशीही शिफारस केली. विधेयक बारगळलं, गीताताई २००० साली गेल्या. पण २०२३ च्या कायद्यात हे शब्द आणि ही मुदत, दोन्ही आहेत.

बारगळण्यामागे राजकीय विरोध होताच. १९९८ साली लोकसभेत विधेयकाच्या प्रती फाडल्या गेल्या. पण त्याला घटनेतल्या नियमाचीही साथ मिळाली. लोकसभा विसर्जित झाली की तिच्यात मांडलेली प्रलंबित विधेयकं आपोआप संपतात. राज्यसभा मात्र कधीच विसर्जित होत नाही, त्यामुळे तिथे मांडलेलं आणि तिथेच प्रलंबित असलेलं विधेयक टिकतं. म्हणूनच २००८ साली मनमोहन सिंग सरकारने ते राज्यसभेत मांडलं. स्थायी समितीचा अहवाल आला आणि प्रचंड गदारोळात, मार्शल बोलावून, ९ मार्च २०१० रोजी ते १८६ विरुद्ध १ मतांनी मंजूर झालं.

विरोधातलं ते एक मत महाराष्ट्राचं होतं: शरद जोशी यांचं. शेतकरी संघटनेची महिला आघाडी उभी करणाऱ्या, ‘लक्ष्मीमुक्ती’तून बायकांच्या नावावर जमिनी करायला लावणाऱ्या या नेत्याचा आक्षेप राखीव मतदारसंघ फिरते ठेवण्यावर होता.

राज्यसभेने मंजूर केलेलं हे विधेयक पुढे लोकसभेत मतास आलंच नाही. २०१४ साली ती लोकसभा संपली आणि विधेयकही संपलं. साध्या विधेयकावर दोन सभागृहांत कोंडी झाली, तर संयुक्त बैठक बोलावता येते. १९६१ साली हुंडाबंदीसाठी आणि २००२ साली ‘पोटा’साठी तशी बैठक झाली होती. घटनादुरुस्तीला ही वाट नाही. प्रत्येक सभागृहात एकूण सदस्यांचं बहुमत आणि हजर राहून मत देणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश, अशी दोन्ही गणितं जुळावी लागतात.

सप्टेंबर २०२३ मध्ये नव्या संसद भवनात ती जुळली. लोकसभेत खासदारांनी चिठ्ठ्यांवर मतदान केलं: बाजूने हिरवी, विरोधात लाल. ४५४ विरुद्ध २. त्या दोघांत औरंगाबादचे तत्कालीन खासदार इम्तियाज जलील होते. ओबीसी आणि मुस्लीम महिलांना वेगळा वाटा हवा, ही त्यांच्या पक्षाची मागणी होती. दुसऱ्या दिवशी राज्यसभेत २१४ विरुद्ध ०.

मांडण्यापासून दोन्ही सभागृहांच्या मंजुरीपर्यंत या वेळी तीन दिवस लागले. विधेयक समितीकडे गेलं नाही. आधीच्या दोन समित्यांचं काम हाताशी होतं, म्हणून या विधेयकाबाबत ते एक वेळ चालून गेलं. पण पंधराव्या लोकसभेत सुमारे ७१ टक्के विधेयकं समित्यांकडे गेली होती, तर सतराव्या लोकसभेत हे प्रमाण सुमारे १६ टक्क्यांवर आलं. ही घसरण काळजीची आहे. समितीत तज्ज्ञांना बोलावलं जातं, मंत्रालयाच्या अधिकाऱ्यांना प्रश्न विचारले जातात आणि लोकांकडून लेखी सूचना मागवल्या जातात. सामान्य नागरिकाला कायद्याच्या मजकुराबद्दल संसदेला थेट काही सांगता येतं, ते इथेच.

राजपत्रात छापलं गेलं म्हणजे लगेच लागू झालं, असंही नाही. केंद्र सरकार अधिसूचनेने ठरवील त्या तारखेपासून हा कायदा अमलात येईल, असं त्याच्या पहिल्याच कलमात म्हटलं आहे. पुढे आणखी एक अट आहे: त्यानंतरच्या पहिल्या जनगणनेचे आकडे प्रसिद्ध व्हावेत, मतदारसंघांची फेररचना व्हावी आणि मगच राखीव जागा अस्तित्वात याव्यात. त्यामुळे २०२४ ची लोकसभा निवडणूक या आरक्षणाशिवायच झाली.