१४७५७३९५२५८९६७६४१२९२७ : भाग जातो हे कळलं, कशाने जातो हे कळायला २७ वर्षं लागली

बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, ही गोष्ट बहुतेकांनी ऐकलेली असते. असे आठ पट पूर्ण भरले आणि वर सात दाणे टाकले, की बरोबर १४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७ दाणे होतात. म्हणजेच २चा ६७वा घात, वजा १.

फ्रेंच धर्मगुरू मारँ मेर्सेन यांनी १६४४ मध्ये ही संख्या मूळ असल्याचं सांगितलं. म्हणजे १ आणि ती स्वतः सोडून तिला कशानेच भाग जाणार नाही. सव्वादोनशे वर्षांहून अधिक काळ हा दावा टिकला. १८७६ मध्ये एदुआर ल्युका यांनी तो खोटा ठरवला, पण भाग कशाने जातो हे काही त्यांना सांगता आलं नाही!

हे कसं शक्य आहे? ल्युकांच्या चाचणीचं आजचं सुटसुटीत रूप ३१वर, म्हणजे २चा ५वा घात वजा १ या संख्येवर, करून पाहता येतं. ४पासून सुरुवात करायची. दर वेळी वर्ग करून २ वजा करायचे आणि ३१ने भागून बाकी घ्यायची : ४, १४, ८, ०. घातांकापेक्षा दोनने कमी, म्हणजे तीन पायऱ्यांनी शून्य आलं, म्हणून ३१ मूळ. आपल्या संख्येसाठी अशा ६५ पायऱ्या लागतात आणि शेवटी शून्य येत नाही. ती मूळ नाही हे पक्कं झालं, पण या आकडेमोडीत अवयव कुठेच दिसत नाहीत.

ते शोधले अमेरिकेच्या फ्रँक नेल्सन कोल यांनी. ऑक्टोबर १९०३मध्ये न्यूयॉर्कला गणितज्ञांच्या सभेत त्यांनी ते मांडले :

१९३७०७७२१ × ७६१८३८२५७२८७

कोल एक शब्दही न बोलता फळ्यावर गुणाकार करून जागेवर बसले, आणि या शोधात त्यांचे तीन वर्षांचे रविवार गेले होते, असं ई. टी. बेल यांनी नंतर लिहिलं. गोष्ट थोडी रंगवलेली असेल. गुणाकार मात्र कुणीही ताडून पाहावा.

अशा संख्येचा कोणताही मूळ अवयव १३४च्या पटीपेक्षा एकने मोठा असतो, एवढा एक धागा हाती होता. पण कोल यांचा लहान अवयवसुद्धा त्या रांगेत १४,४५,५८०वा आहे. गुणाकार करायला एक दुपार पुरे, उलट वाटेने जायला वर्षं.

हाच फरक आरएसए या कूटलेखन पद्धतीचा पाया आहे. दोन प्रचंड मूळ संख्या गुपित ठेवायच्या आणि त्यांचा गुणाकार उघडपणे जगाला द्यायचा. संख्या मूळ आहे की नाही हे संगणक झटकन तपासतो, म्हणून अशा जोड्या शोधणं सोपं; गुणाकार फोडणं अवघड. २०२०मध्ये संशोधकांनी अशी २५० अंकी संख्या अनेक संगणक जुंपून फोडली. सध्या सर्रास वापरात असलेल्या २०४८ बिटच्या किल्लीत ६१७ अंक असतात.