बासच्या व्हिडिओतली रिग खंडाळ्याच्या वीर धरणात चालते का?

रीलमध्ये एक हिरवट, भल्यामोठ्या जबड्याचा मासा पाण्याबाहेर उसळी घेतो आणि खाली ओळ येते, 'बॉटम फिशिंगसाठी बेस्ट बास रिग'. तळं अमेरिकेतलं, मासा अमेरिकेतला. पण ते पाहून रॉड, रील आणि रबरी किड्यांचं पाकीट मागवणारा गडी असतो शिरवळचा, लोणंदचा, नाहीतर पुण्याहून रविवारी नीरेच्या काठावर येणारा.

मग तो दिवसभर बसतो. शिसं दगडात अडकतं, तंगूस तुटतो आणि मासा काही लागत नाही. शेजारी साधी काठी आणि कणकेचा गोळा घेऊन बसलेले आजोबा मात्र पिशवी भरून घरी जातात.

असं का होतं? रिग खोटी असते का? तर नाही. ती दुसऱ्या माशासाठी आणि दुसऱ्या तळासाठी बनलेली असते, एवढंच.

मुळात बास इथे आहे का?

हा खंडाळा लोणावळ्याशेजारचा नव्हे. हा सातारा जिल्ह्यातला, खंबाटकी घाटाच्या पायथ्याचा तालुका. त्याच्या उत्तरेकडून नीरा नदी वाहते आणि पुरंदरच्या सीमेवर तिच्यावर वीर धरण आहे. भाटघर, नीरा देवघर आणि गुंजवणी या वरच्या धरणांचं पाणी इथे येतं आणि नीरेच्या डाव्या-उजव्या कालव्यांतून पुढे शेतीला जातं.

व्हिडिओतला 'लार्जमाउथ बास' मूळचा उत्तर अमेरिकेतला. वीरच्या पाण्यात तो नाही आणि कुणी आणून सोडूही नये. जगातल्या सर्वात त्रासदायक 100 परक्या प्रजातींच्या यादीत त्याचं नाव आहे, कारण जिथे तो पोहोचला तिथले स्थानिक मासे त्याने फस्त केले.

'एशियन सी बास' किंवा 'बारामुंडी' या नावाने मिळणारा मासा म्हणजे आपला जिताडा. पण तो कोकणातल्या खाड्यांचा. नीरेचं पाणी सह्याद्रीवरून पूर्वेला जातं, भीमेला आणि पुढे कृष्णेला मिळून बंगालच्या उपसागरात पोहोचतं. त्यामुळे रायगडच्या खाडीतला जिताडा खंडाळ्याला आपणहून येण्याचा प्रश्नच नाही.

मग तळाला कोण असतं?

आपल्या धरणांत पाण्याचे थर माशांनी जणू वाटून घेतलेले असतात. कटल्याचं तोंड वर वळलेलं, म्हणून तो वरच्या थरात खातो. रोहू साधारण मधल्या थरात. मृगळाचं तोंड खाली वळलेलं, तो तळ चाळतो. सायप्रिनस तर चिखल तोंडात घेऊन खायचं तेवढं ठेवतो आणि बाकीचं थुंकतो. मिशाळ शिंगाळा आणि सापासारखी लांब वामही तळाचीच.

म्हणजे तळाला शिसं टाकून कटल्याची वाट पाहणं हा बऱ्याचदा वेळेचा अपव्यय ठरतो. तळाची मासेमारी प्रामुख्याने मृगळ, सायप्रिनस, शिंगाळा आणि वाम यांच्यासाठी, मधूनमधून रोहूसाठी.

दुसरा फरक खाण्याच्या पद्धतीत आहे. बास शिकारी आहे. हलणारी वस्तू दिसली की झडप घालतो, म्हणून त्याला रबरी किडा चालतो. मृगळ आणि सायप्रिनस वासाने आणि चवीने शोधतात, आमिष तोंडात ओढतात, शंका आली की लगेच बाहेर फेकतात. रबराचा किडा त्यांच्या कामाचा नाही. त्यांना कणीक, शेंगदाण्याची पेंड, मक्याचे दाणे किंवा गांडूळ लागतं. शिंगाळ्याला गांडूळ किंवा माशाचा तुकडा, आणि तो संध्याकाळ उलटल्यावर जास्त फिरतो.

तीन बास रिग, आणि वीरमध्ये त्यांचं काय करायचं

*कॅरोलिना रिग.* यात भोक असलेलं शिसं मुख्य तंगुसावर सरकतं ठेवतात. त्याच्या खाली एक मणी, मग फिरती कडी म्हणजे स्विव्हल, आणि कडीपासून पुढे हातभर तंगूस व गळ. ही रचना इथे उत्तम चालते. मासा आमिष ओढतो तेव्हा तंगूस शिशाच्या भोकातून सरकतो, माशाला वजन जाणवत नाही आणि तो आमिष थुंकत नाही. मणी कशासाठी? शिसं गाठीवर आपटून गाठ कमजोर होऊ नये म्हणून. यातला रबरी किडा तेवढा काढायचा आणि कणकेचा घट्ट गोळा किंवा गांडूळ लावायचं. गळाकडचा तंगूस 30 ते 45 सेंटिमीटर पुरे.

*ड्रॉप शॉट रिग.* यात शिसं सर्वात खाली आणि गळ त्याच्या वर वीतभर. जिथे तळाला मऊ गाळ आहे तिथे हीच रचना कामाची. सरकतं शिसं गाळात रुततं आणि आमिषही सोबत घेऊन जातं. इथे शिसं रुतलं तरी आमिष गाळाच्या वर राहतं आणि माशाला सापडतं.

*टेक्सस रिग.* यात गळाचं टोक रबरी किड्यातच लपवतात, म्हणजे ते गवतात अडकत नाही. मृगळासाठी ही निरुपयोगी. पण काठाच्या पाणवनस्पतींत दबा धरणारा मरळ हा बाससारखाच शिकारी आहे. त्याच्यासाठी ही रिग जशीच्या तशी चालते. फक्त मग ती तळाची मासेमारी उरत नाही.

आधी तळ ओळखायचा

रिग निवडण्याआधी गळ न लावता नुसतं शिसं फेकायचं आणि ते तळाला पोहोचेपर्यंत मनात आकडे मोजायचे. एका जागी पाच आले आणि दहा पावलं पुढे नऊ आले, तर मध्ये उतार आहे. अशा उताराच्या कडेला मासे चरायला येतात.

मग शिसं सावकाश ओढायचं. रॉडमध्ये टकटक जाणवली तर खाली दगड किंवा मुरूम. लोण्यातून सुरी गेल्यासारखं वाटलं तर गाळ. जड होऊन अचानक सुटलं तर गवत. जिथे अडकून बसलं तिथे बहुधा खुंट किंवा जुना बांध.

धरणाच्या पोटात एकेकाळची शेतं असतात. बांध, ताली, विहिरींचे कठडे, बाभळीची खुंटं सगळं खालीच असतं. नदीकाठच्या सपाट वाळूसाठी बनवलेली रिग इथे अडकते ती याचमुळे.

अशा जागी एक जुनी युक्ती वापरतात. शिसं मुख्य तंगुसाला थेट न बांधता वीतभर कच्च्या दोऱ्याने बांधायचं. मुख्य तंगूस 8 किलोचा, गळाकडचा 6 किलोचा आणि शिशाचा दोरा 2-3 किलोचा. शिसं दगडात अडकलं तर फक्त तो दोरा तुटतो. गळ, मासा आणि बाकीचा तंगूस हातात येतो. हा क्रम उलटा झाला, तर तुटका तंगूस पाण्यात मागे राहतो आणि त्यात एखादा पाणकावळा अडकून मरतो. नायलॉन पाण्यात कुजत नाही.

दुकानात काय मागायचं?

परदेशी व्हिडिओत मापं पौंड आणि औंसात असतात. एक पौंड म्हणजे साधारण 450 ग्रॅम, एक औंस म्हणजे 28 ग्रॅम. त्यांचा '12 पौंडांचा' तंगूस म्हणजे जेमतेम साडेपाच किलोचा.

रॉड: काठावरून फेकायला 8 ते 10 फुटांचा, मध्यम ताकदीचा. बाससाठीचे 6-7 फुटी रॉड बोटीतून किंवा जवळ फेकायला ठीक, पण धरणाच्या काठावरून ते तोकडे पडतात.

तंगूस: 0.30 ते 0.35 मिलिमीटरचा साधा नायलॉन. विणलेला, म्हणजे ब्रेडेड, तंगूस मजबूत असतो, पण ताणला जात नाही आणि दगडावर घासला की लवकर कापला जातो. नवख्याने साध्यानेच सुरुवात करावी.

शिसं: स्थिर पाण्यात 20 ते 40 ग्रॅम. गोल शिसं उतारावर घरंगळतं, चपटं जागेवर बसतं, लांबट शिसं गवतातून सहज निघतं. शिसं विषारी आहे. इंग्लंडमध्ये हंस लहान शिशाचे दाणे गिळून मरू लागले, तेव्हा 1987 मध्ये छोट्या वजनांच्या शिशावर बंदी आली. लोखंडी नट बांधला तरी वजनाचं काम भागतं, आणि तो स्वस्तही पडतो.

गळ: नंबर वाढतो तसा गळ लहान होतो. चिलापीला 8-10 नंबर, मृगळ-रोहूला 4-6, मोठ्या सायप्रिनस किंवा शिंगाळ्याला 1 किंवा 1/0. गळाचा उलटा काटा पक्कडीने दाबून टाकला तर लहान मासा इजा न होता सोडता येतो. आणि गळ बोटात घुसला तर डॉक्टरचंही काम सोपं होतं.

रीलचा ड्रॅग: मासा जोरात पळाला तर तंगूस सुटू देणारी ही रचना. तंगुसाच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांश जोरावर ती सुटली पाहिजे. 6 किलोचा तंगूस असेल तर काट्याला बांधून ओढावं, दीड-दोन किलोला रील फिरू लागायला हवं. आणि गाठ आवळण्याआधी ओली करावी. कोरडी गाठ घर्षणाने तापते आणि तिथेच तुटते.

गळ टाकण्याआधी विचारायचं कुणाला?

धरणातला मासा बेवारस नसतो. महाराष्ट्रात जलाशयांतल्या मासेमारीचे हक्क मत्स्यव्यवसाय विभाग ठेक्याने देतो, अनेक ठिकाणी मच्छीमारांच्या सहकारी संस्थेला. संस्था पैसे भरते, मत्स्यबीज सोडते, आणि त्यावर कुटुंबं चालतात. म्हणून गळ टाकण्याआधी तिथल्या संस्थेला विचारणं आणि सांगतील ते नियम पाळणं, हे पहिलं काम. सुरुंग किंवा विष वापरून मासे मारणं तर 1897 च्या भारतीय मत्स्य कायद्यापासूनच गुन्हा आहे.

मृगळ, रोहू हे पावसाळ्यात अंडी घालणारे मासे. त्या दिवसांत पोट फुगलेली मादी लागली तर सोडून द्यावी. खवल्या-खवल्यांचा महासीर, म्हणजे आपला खडस, लागला तर तोही सोडावा. टाटांचं मत्स्यबीज केंद्र 1970 च्या दशकापासून त्याची पिल्लं वाढवून सोडत आलं आहे, आणि गंमत म्हणजे ते त्या दुसऱ्या खंडाळ्याच्या शेजारी, लोणावळ्याला वळवणमध्ये आहे.

आणि जिवाचा प्रश्न वेगळाच. वरची तीन धरणं भरली की वीरमधून नीरेत पाणी सोडावं लागतं, आणि धरणाखालचं पात्र पाहता पाहता भरतं. पावसाळ्यात सांडव्याखाली दगडावर बसून गळ टाकायचा नाही, मासे कितीही दिसोत.

सर्वात स्वस्त तयारी

सगळ्यात उपयोगी गोष्ट दुकानात मिळतच नाही. मे महिन्यात पाणी ओसरतं, तेव्हा नेहमीच्या जागेवर एक चक्कर मारावी. बांध कुठे, खुंट कुठे, विहीर कुठे, गाळ कुठून सुरू होतो, सगळं उघडं दिसतं. काठावरचं एखादं झाड किंवा खांब खूण म्हणून धरून मोबाईलवर फोटो काढून ठेवावेत. पावसाळ्यानंतर पाणी भरलं की कुठे सरकतं शिसं, कुठे कच्चा दोरा आणि कुठे गळ वर ठेवायचा, हे त्या फोटोंवरूनच ठरवता येतं.