मराठी-कानडी लिहिणारा हलका संगणक

देवचंद कॉलेज निपाणीचे म्हणून ओळखले जाते, पण ते उभे आहे अर्जुननगरात, म्हणजे कोल्हापूर जिल्ह्याच्या कागल तालुक्यात, विद्यापीठही शिवाजी. सीमाभागातले जगणे असेच दोन्हीकडचे असते. सरकारी अर्ज कानडीत, मंडळाचा अहवाल मराठीत, आणि दोन्ही बहुधा एकाच संगणकावर. म्हणूनच बेळगाव-निपाणीतला जाणता माणूस जुन्या यंत्रासाठी हलकी ऑपरेटिंग सिस्टीम शोधत असेल, तर ती मेमरी किती खाते हा प्रश्न त्याने दुसरा ठेवावा. पहिला प्रश्न, तिच्यात मराठी आणि कानडी धड लिहिता-वाचता येते का?

विषय आता निकडीचा झाला आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा मोफत आधार थांबवला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था लागते आणि इंटेलचा साधारणपणे आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर. २०१७ च्या आधी घेतलेले बहुतेक लॅपटॉप या अटींत बसत नाहीत, मग त्यांचा पडदा आणि कळफलक कितीही ठणठणीत असो.

अशा यंत्रावर नवशिक्याने लिनक्स मिंट घालावे आणि कामाला लागावे. ज्याने स्वतः पार्टिशन पाडली आहेत, कमांड लिहायला जो बिचकत नाही, त्याची गरज वेगळी. मागे कोणत्या सेवा चालू आहेत हे त्याला बोटांवर मोजता यायला हवे, सेटिंग साध्या मजकुराच्या फाइलींत असायला हवे, आणि बिघाड झाला तर हात कुठे घालायचा हे कळायला हवे. १९९३ चे स्लॅकवेअर, २००२ चे आर्च, त्यानंतरचे व्हॉइड आणि अल्पाइन ही लिनक्सची रूपे याच घराण्यातली. ओपनबीएसडी लिनक्स नव्हे, पण वळण तेच. डेबियन बसवताना डेस्कटॉपपुढची खूण काढून टाकली, तर तेही तितकेच सडसडीत होते. त्यावर आइसडब्ल्यूएमसारखा छोटा विंडो मॅनेजर चढवला की ४ जीबी रॅमचे यंत्रही मोकळे वाटू लागते.

मोकळे वाटते ते ब्राउझर उघडेपर्यंत. आजची संकेतस्थळेच जड आहेत. चार-पाच टॅब उघडले की प्रणालीने वाचवलेली मेमरी ब्राउझर गिळतो. जुन्या लॅपटॉपची फिरती हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवल्याने जो फरक पडतो, तो नुसती प्रणाली बदलून पडत नाही. खर्च करायचाच असेल तर आधी तिथे करावा.

आता लिपी. सडसडीत प्रणालीत फॉन्ट जवळजवळ नसतातच, त्यामुळे मराठी पान उघडले की अक्षरांच्या जागी चौकोन दिसतात. लोहित देवनागरी आणि लोहित कन्नड ही दोन छोटी पॅकेजे घातली की हे काम भागते. टायपिंगची सोय तर एक्स या चित्रप्रणालीत आधीपासूनच आहे. इन्स्क्रिप्ट आहे, शिवाय ‘मराठी कगप’ नावाची उच्चारानुसार चालणारी मांडणी आहे. कगप म्हणजे कन्नड गणक परिषद, ‘नुडी’ सॉफ्टवेअर करणारी संस्था. कानडीलाही कगप मांडणी आहे, त्यामुळे ‘क’ दोन्ही लिप्यांत एकाच कळीवर सापडतो आणि लिपी एका कळीने पालटता येते. त्यासाठी मागे वेगळा प्रोग्रॅम चालू ठेवावा लागत नाही. भाषांवरून इतका वाद झालेल्या या पट्ट्यात, कानडीसाठी झालेल्या कामाचा मराठीला असा उपयोग होतो, ही मोठी चांगली गोष्ट आहे.

अडचण येते टर्मिनलमध्ये, आणि जाणत्याचा अर्धा दिवस तिथेच जातो. एक्सटर्म जोडाक्षरे जुळवत नाही. ‘ज्ञानेश्वर’ नावाची फाइल तिथे तुटक दिसते. भारतीय लिप्यांसाठी एमएलटर्म वापरून पाहावा. दुसरी मेख अल्पाइनमध्ये आहे. त्याचा पाया ‘मस्ल’ ही लहानखुरी सी लायब्ररी आहे आणि ती वर्णक्रमाचे भाषावार नियम पाळत नाही, अक्षराच्या सांकेतिक क्रमांकावर जाते. सभासदांच्या, मतदारांच्या याद्या मराठीत लावणाऱ्याने ग्लिबसी या नेहमीच्या सी लायब्ररीवरची प्रणाली घ्यावी; तिथे मराठी आणि कन्नड दोन्हींची लोकेल, म्हणजे भाषावार नियमांचे संच, आहेत.

टिकाऊपणाही पाहावा. व्हॉइड सुबक आहे, झटपट सुरू होते, पण २०१८ मध्ये तिच्या मूळ कर्त्याशी संपर्कच तुटला आणि उरलेल्या मंडळींना कोडचा साठा नव्या जागी हलवावा लागला. प्रकल्प सावरला, आजही चालू आहे. तरी धडा घेण्यासारखा आहे. डेबियन १९९३ पासून स्वयंसेवकांच्या बळावर चालते. प्रमुख दरवर्षी निवडणुकीने ठरतो आणि २०२३ ची जागतिक परिषद कोचीत झाली. एका माणसावर काही अडत नाही. म्हणून रोजच्या कामाच्या यंत्रावर डेस्कटॉपविरहित डेबियन आणि छोटा विंडो मॅनेजर, हाच सर्वांत शहाणपणाचा पर्याय. व्हॉइड, आर्च यांना दुसरे, मोकळे यंत्र द्यावे. यंत्र ३२-बिटचे असेल तर ऑगस्ट २०२५ मध्ये आलेले डेबियन १३ त्यावर बसवता येणार नाही. तिथे डेबियन १२ वर बेतलेले अँटीएक्स २३ चालते.

काहींनी मात्र या वाटेला जाऊ नये. लग्नपत्रिका आणि हँडबिले करणाऱ्या डीटीपीवाल्यांचे काम कोरलड्रॉ, पेजमेकर आणि श्रीलिपीवर उभे आहे. ही सॉफ्टवेअर लिनक्ससाठी मिळत नाहीत आणि जुगाड करून ऐन लग्नसराईत गिऱ्हाईक थांबवण्यात अर्थ नाही. टॅलीवर हिशेब ठेवणाऱ्यांचेही तेच.

बाकीच्यांनी डिस्क पुसण्याआधी एक काम जरूर करावे. श्रीलिपीतल्या किंवा नुडीच्या जुन्या फॉन्टमधल्या फाइली विंडोज चालू आहे तोवरच युनिकोडमध्ये बदलून पेन ड्राइव्हवर काढून ठेवाव्यात. ते फॉन्ट नव्या प्रणालीत नसतील, तर त्या मजकुरातले एक अक्षरही वाचता येणार नाही.