पोकळीची किंमत

काचेची बोटभर नळी. खाली नऊ पिना, आत राखाडी पत्र्याच्या दोन उभ्या डब्या आणि माथ्याशी, काचेच्या आतल्या बाजूला, चकचकीत चंदेरी लेप. युरोपात या व्हॉल्व्हचं नाव ईसीसी८३, अमेरिकेत १२एएक्स७. १९६०च्या आगेमागे टेलिफुंकेननं बनवलेला, कधीच न वापरलेला असा एखादा नग आज शेकडो डॉलरला जातो. घेणारा तो बहुधा शोकेसमध्ये ठेवत नाही. अ‍ॅम्प्लिफायरमध्ये बसवतो, अर्धा-पाऊण मिनिट तापू देतो आणि गाणं ऐकतो. साठ वर्षं खोक्यात पडून राहिलेली इलेक्ट्रॉनिक वस्तू त्या संध्याकाळी अगदी नव्यासारखी चालते!

हे कसं जमतं ते पाहायचं, तर त्या डबीच्या आत शिरावं लागतं. मधोमध टंगस्टनचा हीटर असतो. त्याभोवती निकेलची बारीक नळी, तिच्यावर बेरियम आणि स्ट्रॉन्शियमच्या ऑक्साइडचा पांढरा थर. हा कॅथोड. तो सातशे-आठशे अंश सेल्सियसपर्यंत तापला, की त्याच्या पृष्ठभागावरून इलेक्ट्रॉन सुटू लागतात. बाहेरच्या पत्र्याला, म्हणजे प्लेटला, अडीचशे व्होल्टचा धन दाब दिलेला असतो. ती त्यांना ओढून घेते. या दोहोंच्या मध्ये तारेची नाजूक जाळी. जाळीला किंचित ऋण दाब असतो, म्हणून ती इलेक्ट्रॉनना थोपवून धरते. ग्रामोफोनच्या सुईकडून आलेला क्षीण विद्युतदाब या जाळीवर सोडला, की तो जसा खालीवर होतो तसा इलेक्ट्रॉनचा ओघ कमीजास्त होतो, आणि गायिकेचा श्वासही प्लेटच्या बाजूला मोठा होऊन उमटतो. ईसीसी८३चा वर्धनांक १०० आहे. प्लेटमधून वाहतो तो प्रवाह जेमतेम १.२ मिलिअ‍ॅम्पिअर, आणि एवढ्यावर सगळं संगीत तोललेलं असतं. अशा दोन जोडण्या एकाच काचेत, शेजारीशेजारी.

इलेक्ट्रॉनच्या वाटेत हवेचे रेणू आले, तर यातलं काहीच धड होणार नाही. ही गोष्ट खुद्द शोधकर्त्यालाही उमगली नव्हती. जॉन फ्लेमिंगनं १९०४ मध्ये दोन इलेक्ट्रोडचा व्हॉल्व्ह केला. ली द फॉरेस्टनं १९०६ मध्ये त्यात तिसरा इलेक्ट्रोड, म्हणजे जाळी, घातला आणि विजेचे क्षीण संकेत मोठे करण्याची वाट उघडली; पण नळीत थोडा वायू उरलेला असणं आवश्यकच आहे, अशी त्याची समजूत होती. जनरल इलेक्ट्रिकचा अर्व्हिंग लँगम्यूर आणि टेलिफोन कंपनीचा हॅरॉल्ड आर्नल्ड यांनी काही वर्षांनी नळीतला वायू जवळपास पूर्ण उपसून काढला, तेव्हा कुठे हे लहरी यंत्र भरवशाचं झालं. २५ जानेवारी १९१५ रोजी न्यूयॉर्क आणि सॅन फ्रान्सिस्को यांच्यामध्ये टेलिफोनवर बोलणं झालं. हजारो किलोमीटरच्या तारेत विरत जाणारा आवाज वाटेत जागोजागी उचलून धरणारे होते ते व्हॉल्व्ह.

चांगल्या व्हॉल्व्हमधला दाब बाहेरच्या वातावरणाच्या साधारण एक अब्जांश असतो. इतकी पोकळी पंपानं निर्माण करता येते, पण टिकवायची कशी? काचेतून पिना बाहेर येतात तिथे धातू आणि काच तापल्यावर सारख्याच प्रमाणात प्रसरण पावले पाहिजेत, नाहीतर सूक्ष्म तडा जातो. त्यासाठी मिश्रधातू निवडून घेतलेले असतात. धातूतून आणि काचेतून हळूहळू सुटणारा वायू टिपायला माथ्याशी गेटर असतो. नळी सील केल्यावर एका छोट्या कड्यातलं बेरियम तापवून उडवतात आणि ते काचेवर आतून बसतं. हाच तो चंदेरी लेप. पुढची सगळी वर्षं तो चुकार रेणू पकडत राहतो. हवा शिरली तर बेरियमचं ऑक्सिडीकरण होऊन लेप दुधी पांढरा पडतो. तसा व्हॉल्व्ह मेलेला. तो कितीही दुर्मीळ असो, त्याला भाव नाही. लेप मात्र चंदेरी असला, सील पक्कं असलं आणि कॅथोड फारसा तापलेलाच नसला, तर झिजायला काही कारणच उरत नाही. म्हणून तर लष्कराच्या, टेलिफोन खात्यांच्या आणि दुरुस्तीच्या दुकानांच्या गोदामांत पडून राहिलेल्या जुन्या पण न वापरलेल्या मालाला इतकं मोल आहे.

आता भावाचं. नवखा माणूस काचेवरचं नाव वाचतो. मुरलेला संग्राहक नावाकडे शेवटी पाहतो. त्याला कारण आहे. कारखाने एकमेकांचा माल घेऊन त्यावर आपापला छाप मारत. अमेरिकेतल्या अ‍ॅम्पेरेक्सच्या नावाखाली नेदरलंड्समधल्या हेर्लेनच्या कारखान्यातले व्हॉल्व्ह विकले जात, कारण दोन्ही फिलिप्सच्या कुटुंबातले. इंग्लंडमधली मुलार्डही १९२७ पासून फिलिप्सचीच. मोठी छपाई बोट फिरवलं तरी पुसली जाते, आणि जी पुसता येते ती नव्यानं छापताही येते. बनावट टेलिफुंकेन बाजारात आहेत ते त्यामुळेच.

काचेच्या अगदी तळाशी मात्र फिकट, बारीक अक्षरांच्या दोन ओळी असतात. डोळ्याला भिंग लावून, नळी उजेडात तिरपी धरली की दिसतात. फिलिप्स घराण्याच्या कारखान्यांची ही संकेतलिपी. वरच्या ओळीत व्हॉल्व्हचा प्रकार आणि त्याची आवृत्ती. खालच्या ओळीत, समजा, बी१एफ३ असं लिहिलेलं आहे. बी म्हणजे लँकशायरमधलं ब्लॅकबर्न, मुलार्डचा १९३८ मध्ये सुरू झालेला कारखाना. १ हा वर्षाचा शेवटचा आकडा. एफ म्हणजे सहावा महिना, जून. ३ म्हणजे तिसरा आठवडा. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात ब्लॅकबर्नमध्ये कुणा कामगार स्त्रीनं चिमट्यानं जाळी बसवून हा नग पुढे सरकवला, इतकं त्या चार खुणांतून कळतं. हेर्लेनची खूण त्रिकोण. मग वर्ष १९६१ की १९७१? त्याचं उत्तर आतली रचना देते. प्लेट जुनी लांब, साधारण सतरा मिलिमीटरची, की नंतरची आखूड. गेटरचं कडं कोणत्या घाटाचं. आवृत्तीचा आकडा किती, यावरून दशक ठरतं. टेलिफुंकेनची रीत निराळी. त्यांनी स्वतः बनवलेल्या व्हॉल्व्हच्या तळाला, पिनांच्या मधल्या काचेत, शंकरपाळ्याच्या आकाराची खूण साच्यातच उठवलेली असते. ती खोडता येत नाही. वर भलत्याच कंपनीचं नाव आणि खाली ही खूण, असे नगही सापडतात, आणि जाणकार ते आनंदानं उचलतात. उलट आज दुकानात नवाकोरा मुलार्ड दिसला, तर तो ब्लॅकबर्नचा नसतो. ते नाव आता एका अमेरिकन कंपनीकडे आहे आणि माल रशियातल्या सारातोव्हमध्ये बनतो. तो वाईट असतो असं अजिबात नाही. फक्त जुन्याचा भाव त्याला देऊ नये.

ओळख पटल्यावर तब्येत. ब्रिटिश एव्हो कंपनीचं व्हॉल्व्ह तपासायचं यंत्र आजही त्यासाठी आदरानं वापरलं जातं. २५० व्होल्टला ईसीसी८३ची पारचालकता, म्हणजे जाळीवरचा दाब बदलला की प्लेटचा प्रवाह किती बदलतो ते माप, प्रतिव्होल्ट १.६ मिलिअ‍ॅम्पिअर असावी, असं उत्पादकांनी छापून ठेवलं आहे. हातातला नग त्याच्या किती जवळ आहे ते मोजायचं. दोन्ही अर्धे सारखे आहेत का, कुठे शॉर्ट आहे का, हेही पाहायचं. मात्र यंत्राला सगळं कळत नाही. चालू अ‍ॅम्प्लिफायरमध्ये काचेवर पेन्सिलीनं हलकी टिचकी मारली आणि स्पीकरमधून टण् आवाज घुमला, तर आतले भाग सैल आहेत, आणि ग्रामोफोनच्या पहिल्या टप्प्यावर तो नग निरुपयोगी. ‘तपासलेला’ एवढंच लिहून विकतात त्याला माझ्या लेखी अर्थ नाही, आकडे मागावेत.

जुने व्हॉल्व्ह खरंच गोड वाजतात का? व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर आवाजात स्वतःची थोडी भर घालतो, विशेषतः दुसऱ्या संनादीची, म्हणजे मूळ स्वराच्या दुप्पट वारंवारतेच्या स्वराची, आणि क्षमतेपलीकडे गेला तरी आवाज एकदम फाटत नाही. ते कानाला सुखावतं, यात शंका नाही. पण एका चांगल्या ईसीसी८३मध्ये आणि दुसऱ्या चांगल्या ईसीसी८३मध्ये ऐकू येणारा फरक थोडा असतो आणि किमतीतला फरक कैक पट. तो फरक बराचसा दुर्मीळतेचा आहे. वेस्टर्न इलेक्ट्रिकचा ३००बी घ्या. १९३०च्या दशकात तो बोलपटाच्या थिएटरांमधल्या अ‍ॅम्प्लिफायरसाठी वापरात आला. थिएटरांनी जुनी यंत्रं काढून टाकली, तेव्हा जपानी शौकिनांनी ती वेचून नेली, आणि आज त्याची जुनी अस्सल जोडी हजारो डॉलरला जाते. मला ती किंमत वेडेपणाची वाटत नाही, पण ती मोजताना आपण आवाजाबरोबर इतिहासही विकत घेतोय, हे ठाऊक असावं.

१२एएक्स७ बाजारात आला १९४७ मध्ये. त्याच वर्षीच्या डिसेंबरात बेल प्रयोगशाळेत पहिला ट्रान्झिस्टर चालला. आपली जागा घेणारा जन्मला त्याच साली जन्मलेला हा व्हॉल्व्ह आजही गिटारच्या अ‍ॅम्प्लिफायरसाठी स्लोव्हाकियात, रशियात नव्यानं बनतो आहे.

आपल्याकडे बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सनं १९६१ मध्ये रेडिओचे व्हॉल्व्ह बनवायला घेतले. आजोबांच्या व्हॉल्व्हच्या रेडिओत शेवटचा, स्पीकर हलवणारा व्हॉल्व्ह बऱ्याचदा ईएल८४ असे; नामांकित गिटार अ‍ॅम्प्लिफायरमध्ये आजही तोच असतो. तेव्हा माळ्यावर असा रेडिओ असेल, तर दिवाळीच्या साफसफाईत तो भंगारात देऊ नका. हौसेनं सरळ प्लगमध्येही घालू नका. त्यातले जुने कपॅसिटर बहुधा गळके झालेले असतात, आणि त्यांच्या पायी चांगले व्हॉल्व्ह आणि ट्रान्सफॉर्मर जळतात. वायर काढलेली आहे याची खात्री करा, मागचा पुठ्ठा उघडा, काचेवरची छपाई न घासता एकेक व्हॉल्व्ह सरळ वर ओढून काढा आणि तळाची बारीक अक्षरं टिपून घ्या. मगच व्हॉल्व्हच्या कामात मुरलेल्या एखाद्या मेकॅनिककडे जा.