समुद्राच्या तळाशी भारताचे ३८ कोटी टन धातूंचे गोळे: हा आकडा येतो कुठून आणि त्यावर भरवसा किती ठेवायचा?

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात ज्यानं बोअर घेतलाय, त्याला हे वेगळं सांगावं लागत नाही. बांधापलीकडच्या शेतात २०० फुटांवर पाणी लागलेलं असतं, म्हणून आपणही गाडी बोलावतो. ४०० फूट खाली गेलं तरी वर येतो तो नुसता फुफाटा. दोन बोअरमध्ये अंतर जेमतेम पन्नास पावलांचं, पण एक चालू आणि दुसरा कोरडा.

आता हाच प्रश्न पाच किलोमीटर खोल पाण्याखाली नेऊन बघा. खाली काय आहे, किती आहे आणि त्यातलं हाती किती लागेल?

हिंदी महासागराच्या तळाशी भारताच्या वाट्याला ३८ कोटी टन खनिजं आहेत, हा आकडा बातम्यांमध्ये आणि रील्समध्ये पुन्हा पुन्हा दिसतो. त्यात कधी 'खजिना' हा शब्द असतो, तर कधी 'घबाड'. आकडा सरकारीच आहे. पण तो तिजोरीतल्या नोटांसारखा एकेक करून मोजलेला नाही.

भारताकडे नेमकं काय आहे?

२६ जानेवारी १९८१ रोजी 'गवेषणी' या संशोधन जहाजानं अरबी समुद्राच्या तळातून धातूंचे पहिले गोळे वर काढले. हे जहाज गोव्यातल्या दोना पावला इथल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचं होतं. पॉलिमेटॅलिक नोड्यूल्स म्हणतात ते हेच. ते साधारण बटाट्याएवढे असतात आणि तळावरच्या गाळात पसरलेले असतात. दहा लाख वर्षांत ते जेमतेम काही मिलिमीटर वाढतात.

१९८७ मध्ये भारताला 'पायनियर इन्व्हेस्टर' हा दर्जा मिळाला आणि मध्य हिंदी महासागरात दीड लाख चौरस किलोमीटरचं क्षेत्र मिळालं. त्यातलं निम्मं क्षेत्र नंतर परत करायचं होतं. २००२ मध्ये आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरणाशी करार झाला आणि आज भारताकडे ७५,००० चौरस किलोमीटरचे शोधाचे हक्क आहेत. हे क्षेत्र सुमारे ६५,००० चौरस किलोमीटरच्या अख्ख्या मराठवाड्यापेक्षा मोठं आहे.

केंद्राच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या अंदाजानुसार इथे ३८ कोटी टन गोळे आहेत. त्यात सुमारे ९.२६ कोटी टन मँगनीज, ४७ लाख टन निकेल, ४३ लाख टन तांबं आणि साडेपाच लाख टन कोबाल्ट आहे. म्हणजे १०० किलो गोळ्यांमागे निकेल आणि तांबं प्रत्येकी सव्वा किलोच्या आत-बाहेर आणि कोबाल्ट जेमतेम दीडशे ग्रॅम.

पाच किलोमीटर खाली मोजतात कसं?

जहाजावरून ध्वनिलहरी सोडून तळाचा नकाशा बनवता येतो. डोंगर कुठे आणि सपाटी कुठे, हे त्यातून कळतं. पण एका चौरस मीटरवर किती किलो गोळे आहेत, हे त्या नकाशावरून थेट मोजता येत नाही.

मग कॅमेरे खाली सोडतात. कॅमेऱ्याला फक्त वर दिसणारे गोळे टिपता येतात, गाळात बुडालेले सुटतात. शेवटी नमुना उचलावाच लागतो. त्यासाठी पंजासारखं यंत्र वापरतात किंवा बॉक्स कोरर म्हणजे तळाचा चौकोनी तुकडा कापून आणणारी पेटी. पंज्यातून काही गोळे निसटतात, त्यामुळे तो आकडा कमी भरू शकतो. बॉक्स कोरर जास्त भरवशाचा, पण तो एका वेळी साधारण पाव चौरस मीटरच उचलतो.

समजा दर १० किलोमीटरवर असा एक नमुना घेतला. म्हणजे १०० चौरस किलोमीटरला एक पेटी. हिशेब केला तर ४० कोटी भागांपैकी फक्त एक भाग प्रत्यक्ष पाहिला जातो. बाकी सगळं गणितानं भरायचं.

हे गणित १९५० च्या दशकात दक्षिण आफ्रिकेच्या सोन्याच्या खाणींवर काम करणाऱ्या डॅनी क्रीग या अभियंत्याच्या कामातून पुढे आलं. त्याच्याच नावावरून या पद्धतीला 'क्रिगिंग' म्हणतात. जवळच्या नमुन्याला जास्त वजन आणि लांबच्या नमुन्याला कमी, हे तिचं साधं सूत्र. ती अंदाजासोबत चूक किती असू शकते हेही सांगते. नमुन्यांमधलं अंतर वाढलं की तो चुकीचा पट्टाही रुंदावतो. बातमीत मात्र फक्त अंदाज येतो, पट्टा गळून पडतो.

एका किलोच्या चुकीची किंमत

३८ कोटी टनांना ७५,००० चौरस किलोमीटरनं भागलं, तर सरासरी येते चौरस मीटरला साधारण पाच किलो. ही सरासरी फक्त एका किलोनं चुकली, तर एकूण आकड्यात साडेसात कोटी टनांचा फरक पडतो.

गोळ्यांमधल्या धातूंचं प्रमाण त्या मानानं फार बदलत नाही. बदलतो तो गोळ्यांचा दाटपणा. एका ठिकाणी खच पडलेला असतो आणि थोडं पुढे गेलं की नुसता गाळ.

वजनाचाही घोळ असतो. वर आणलेल्या ओल्या गोळ्याच्या वजनात साधारण पाव हिस्सा पाणीच असू शकतं. त्यामुळे टन ओले की सुके, हे विचारावंच लागतं.

'आहे' आणि 'मिळेल' यातला फरक

खाणकामात दोन शब्द काटेकोरपणे वेगळे वापरतात. एक रिसोर्स, दुसरा रिझर्व्ह. किराणा दुकानदाराची गावभर वाटलेली उधारी म्हणजे रिसोर्स. त्यातली दिवाळीपर्यंत खात्रीनं वसूल होईल ती रक्कम म्हणजे रिझर्व्ह.

रिसोर्समध्येही तीन पायऱ्या आहेत. नमुने विरळ असतील तर 'इन्फर्ड', बऱ्यापैकी असतील तर 'इंडिकेटेड' आणि दाट असतील तर 'मेजर्ड'. रिझर्व्ह म्हणायला यंत्र, खर्च, बाजारभाव, परवाने आणि पर्यावरण हे सगळं हिशेबात बसावं लागतं.

भारताच्या ३८ कोटी टनांना सरकारही 'अंदाजित क्षमता' याच अर्थानं मांडतं. चढ-उतार आणि खडकाळ भाग असल्यामुळे सगळ्या क्षेत्रात यंत्र फिरू शकत नाही. पहिल्या खाणीसाठी निवडलेला भाग सुमारे १८,००० चौरस किलोमीटरचा, म्हणजे एकूण क्षेत्राच्या पाव हिश्श्याइतकाच आहे.

दुसरं खनिज आहे पॉलिमेटॅलिक सल्फाइड्स. २०१६ नंतर २०२५ मध्ये भारतानं कार्ल्सबर्ग रिजसाठी दुसरा करार केला. हे क्षेत्र १०,००० चौरस किलोमीटरचं, जवळपास छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याएवढं. ही खनिजं गोळ्यांसारखी वर पसरलेली नसून खाली खोलवर गेलेली असतात. त्यामुळे ड्रिलिंग केल्याशिवाय टनांचा आकडा सांगणं आणखी अवघड.

बिडकीनशी याचा काय संबंध?

एथर एनर्जीनं २०२४ मध्ये बिडकीनच्या ऑरिक औद्योगिक क्षेत्रात इलेक्ट्रिक दुचाकींचा कारखाना जाहीर केला. इलेक्ट्रिक गाड्यांच्या बॅटरीला निकेल आणि कोबाल्ट लागतं, म्हणून समुद्रतळ महत्त्वाचा, असं सांगितलं जातं. ते खरं आहे, पण अर्धवट. एलएफपी प्रकारच्या बॅटऱ्यांना हे दोन्ही धातू लागत नाहीत आणि त्यांचा वापर वाढतोय. तळाशी एकही गोळा कमी न होता, फक्त बाजार बदलल्यामुळे 'परवडणारा साठा' आकसू शकतो.

जिथे हिशेब अंगाशी आला

पापुआ न्यू गिनीजवळ 'सोलवारा १' हा सल्फाइडचा प्रकल्प होता. नॉटिलस मिनरल्स या कंपनीनं तिथे ड्रिलिंग करून तांबं आणि सोन्याचा रिसोर्स जाहीर केला. पण पूर्ण व्यवहार्यता अभ्यास न करताच उत्पादनाकडे जायचं ठरलं. तिथल्या सरकारनं १५ टक्के हिस्सा घेतला. खर्च वाढत गेला, पैसा आटला आणि २०१९ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. त्या छोट्या देशाचे सुमारे १२ कोटी डॉलर बुडाले. तळाशी तांबं होतंच, पण ते रिझर्व्ह म्हणावं असं कधी सिद्धच झालं नव्हतं.

मग ३८ कोटींचा आकडा खोटा का?

नाही. त्यामागे चार दशकांचं सर्वेक्षण आहे. २०२१ मध्ये मंजूर झालेल्या ४,०७७ कोटी रुपयांच्या डीप ओशन मिशनमधून पुढची यंत्रं आणि मोजमापं होत आहेत. त्याच वर्षी चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेचं 'वराह' हे यंत्र ५,२७० मीटर खोल तळावर चालवून पाहिलं गेलं. पण हा पैसा लोकांचा आहे, म्हणून आकडा वाचताना नेमकेपणा हवा.

पुढच्या वेळी 'समुद्रात सापडलं घबाड' असं काही समोर आलं, तर फॉरवर्ड करण्याआधी तीन प्रश्न विचारा. आकडा रिसोर्सचा आहे की रिझर्व्हचा? नमुने किती अंतरावर घेतले? चूक किती असू शकते, हे सांगितलंय का? तिन्हींची उत्तरं नसतील, तर ती बातमी शेजारच्या बोअरला लागलेल्या पाण्यासारखी आहे. आशा ठेवायला हरकत नाही, पण तेवढ्यावर पाइपलाइनचं कर्ज काढायचं नसतं.